पंडुमाआधी दिलेली तारीख

"शब्द द्याचा असन, त आधी सगळ्यात दूरच्या गावाले विचारून ये, सोमारी. जवळचे त अंगणात बसल्या बसल्या हो म्हणतेत."

लटारूभाऊ हे सांगायचे ते चालता चालता, मागे वळून न बघता. पुढे त्यांची काठी, मागे सोमारी, आणि दोघांच्या पायाखाली वाळक्या सागपानांची चुरचुर. आलापल्लीच्या पलीकडे सागवानाचं रान ओलांडलं की डोंगराच्या आडोशाने जी लहान लहान गावं लागतात, त्यांच्या ग्रामसभांचा संघ लटारूभाऊंनी असा पायी फिरून बांधला होता. हे जग सोडून जाताना तो त्यांनी सोमारी हिचामीच्या हाती सोपवला.

सोमारी चिंतगुड्याची. आश्रमशाळेत शिकलेली, आवाज इतका हळू की सभेत मागून कुणीतरी ओरडायचंच, "बाई, जरा मोठ्यानं!" पण नेमाची पक्की. गावाबाहेर येनाचं, म्हणजे ऐनाचं, जुनं झाड आहे, तिथं त्यांचा पेन, म्हणजे देव, राहतो. रोज पहाटे त्या झाडाला पाणी घातल्याशिवाय ती स्वतः पाण्याचा घोट घेत नसे. ताप असो, पाऊस असो, घरी लग्न असो. लटारूभाऊंनी तिच्यात हेच हेरलं असावं.

यंदा संघाने पहिल्यांदाच ठरवलं होतं की मोहफूल आपण सगळ्यांनी मिळून विकायचं. आजवर ते व्यापारी धनराजसेठ न्यायचा. एका गावाला जरा चढा भाव द्यायचा, शेजारच्या गावाला तो ऐकवायचा, आणि दोन्ही गावं एकमेकांवर चिडली की तिसऱ्याच गावात स्वस्तात माल उचलायचा. हे मोडायचं होतं. त्यासाठी सोमारी चंद्रपूरला जाऊन पुनम ढवळेला भेटली. पुनमचे वडील ऊर्जानगरला वीज केंद्रात फिटर होते. ती कॉलनीतच वाढली, आणि आता मोहाचे लाडू नि सरबत करायचा लहानसा कारखाना चालवत होती. तिला माती न लागलेला, जाळीवर पडलेला, नवा मोह हवा होता.

"पहिली गाडी कधी भरेल?" पुनमने विचारलं.

"होळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी," सोमारी म्हणाली.

तिचा हिशेब कच्चा नव्हता. मोह वेचायला, वाळवायला कुणाची आडकाठी नसते. पण नवं फूल आधी पेनापुढे ठेवायचं, त्या सणाला पंडुम म्हणतात, आणि तो झाल्याशिवाय नवा मोह कुणी तोंडात घालत नाही, गावाबाहेर काढत नाही. त्यातही पट्ट्यातल्या सगळ्या गावांत थोरला पेन पेरमेट्ट्याचा. आधी पेरमेट्ट्याचा पंडुम, मग बाकीच्यांचा. आणि पेरमेट्ट्याचा गायता, म्हणजे गावाचा पुजारी, पोचूभाऊ इतका उतावळा, की झाडाखाली फुलांचा सडा पडायच्या आत त्याचा ढोल वाजायचा. दरवर्षी तोच पहिला. मग एवढ्या लांब, रस्ता संपल्यावर दोन डोंगर चढून, त्याला विचारायला कशाला जायचं? सोमारी गेली नाही.

होळी झाली. एका सकाळी ती मोहाखालची हिरवी जाळी झटकत होती, तेव्हा टोपली कमरेवर घेऊन चंदा आली. चंदा शेजारीण, संघाची सभासद, आणि जिभेला कुलूप नसलेली.

"जोहार, अध्यक्षीणबाई! तारीख देऊन आली म्हणते चंद्रपूरले?"

"देली. काऊन?"

"काई नाई. पोचूभाऊची भावजय गेली, तिचा दगड अजून उभा नाई झाला. तुले त मालूमच असन."

सोमारीच्या हातातली जाळी सुटली. दगड उभा राहिला नाही, म्हणजे गेलेल्या माणसाला पूर्वजांत जागा मिळाली नाही. ती मिळेपर्यंत त्या घरात सण नाही, आणि ते घर गायत्याचं, म्हणून त्या गावात पंडुम नाही. म्हणजे कुठल्याच गावात नाही.

"कधी हाये दगड?"

"नदीपलीकडचे सोयरे आले का. ते कधी येतेत, ते त्यायलेच मालूम."

दुपारी चिंतगुड्याच्या गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, सभा बसली. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. सोमारीला उभं राहायच्या आधीच ऐकावं लागलं.

"धनराजसेठ घरोघरी सांगून राह्यला," चंदा म्हणाली, "का एवढे वर्षं मोह नेला, पण तुमच्या पेनाच्या आधी मी कधी गाडी नाई मांगतली. तुमच्या बाईनं मांगतली."

"हो, मांगतली नाई! मांगच्या दारानं नेली!" कुणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. पण तो लगेच विरला.

"त्यानं मांगच्या दारानं नेली, ते खरं," चंदा म्हणाली, "पण हे बाई समोरच्या दारानं देऊन आली ना? गायत्याले न विचारता?"

सोमारी खाली मान घालून बसली होती. तिला आता दोन्ही बाजूंचं स्वच्छ दिसत होतं. सण लवकर उरकायला लावला, तर गावं तिच्यापासून तुटतील. तारीख मोडली, तर पुनम तुटेल, आणि घेणारंच कुणी उरलं नाही की सगळे टोपल्या घेऊन पुन्हा धनराजच्या दारात. कसंही झालं तरी संघ संपला.

तेवढ्यात चंदन उठला. चंदन तिचा दीर, संघाचा सचिव, डोक्याने तल्लख.

"एक रस्ता हाये. सगळ्यायच्या माळ्यावर मांगच्या सालचा मोह हाये का नाई? त्याले पंडुम लागत नाई. तोच भरून देऊ. सण बी राह्यला, तारीख बी राह्यली. शहरातल्या लोकायले नवा काय नि जुना काय!"

"हे बरोबर बोलला," दोन-चार जण म्हणाले. माना हलायला लागल्या. वहिनीची अब्रू वाचवली म्हणून चंदनच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

सोमारी उभी राहिली.

"मोठ्यानं, बाई!"

"मोठ्यानंच बोलतो," ती म्हणाली, आणि खरंच बोलली. "लाडू खाणाऱ्यायले नाई समजणार, चंदन. पण गाडीत काय भरलं ते इथं बसलेल्या सगळ्यायले समजन. मंग उद्या मी वजनाचं सांगन, भावाचं सांगन, तवा तुमी मनात म्हणसान का, हे बाई गाडी कशी भरते ते आमाले मालूम हाये."

चंदनने डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला.

"चूक माही हाये. मी विचारलं नाई. आता आधी पेरमेट्ट्याले जातो, मंग चंद्रपूरले. तेवढं होऊ द्या. मंग तुमाले दुसरं माणूस पाहाचं असन त पाहा."

"जाय मंग," चंदा म्हणाली. "पाणी घेऊन जाय. उन्ह लई हाये."

पेरमेट्ट्याला पोचूभाऊ घराच्या ओट्यावर बसला होता. डोक्याला पागोटं नव्हतं, ढोल आढ्याला उलटा टांगलेला. त्याची सून सुकरी पानाच्या द्रोणात आंबील घेऊन आली. सोमारीने ती प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, एका दमात.

पोचूभाऊने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू लटारूची पोरगीच म्हणा लागन. पेनाले विचारून पाहू का मी? सोयरे नाई आले तरी दगड उभा करू, म्हणून? कधी कधी पेन ऐकते."

त्या क्षणी सोमारीने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. म्हातारा मायेचा होता, त्याने विचारलंही असतं. नि पेनाने हो म्हटलं की गावात कोण नाही म्हणणार?

"नोका विचारू," ती म्हणाली. "माह्या चुकीपायी पेनाले काऊन तरास? तुमचे सोयरे येऊ द्या. सगळं रीतीनं होऊ द्या. मी त फक्त सांगाले आली."

"आन तुही तारीख?"

"ते मी मोडून येतो."

भावजय गेल्यापासून पोचूभाऊ पहिल्यांदाच हसला. "तारीख मोडाले एवढ्या दूर जाणारी बाई मी पहिल्यांदा पाह्यली. लोकं त घरी बसूनच मोडतेत."

दुसऱ्या दिवशी सोमारी आष्टीवरून जाणाऱ्या बसने चंद्रपूरला पोचली. कारखान्यात भट्टीची धग नि गुळाचा वास. पुनम पातेल्यात कालथा फिरवत होती. सोमारीने चप्पल बाहेर काढली आणि उभ्या उभ्याच सांगितलं की सोमवारी गाडी भरणार नाही, का भरणार नाही, आणि कधी भरेल ते तिलाही माहीत नाही.

पुनमने कालथा ठेवला. "सोमारीबाई, मी पण शब्द दिलाय हो. ऊर्जानगरला प्रदर्शन आहे, माझ्या आईच्या कॉलनीत, सगळे ओळखीचे. सगळे म्हणाले होते, जंगलातल्या माणसांशी व्यवहार करू नको, तारखेला माल येत नाही. मी त्यांच्याशी भांडले!"

"तारखेले माल नाई येणार. ते खरं म्हणत होते."

"मग?"

"म्हणून तारखेच्या आधी मी आली."

पुनमने ओढणीने घाम पुसला. "दुसऱ्या कुणी जुना मोह भरून पाठवला असता. मला कळलं पण नसतं."

"तुमाले नसतं समजलं. लाडवाले समजलं असतं," सोमारी म्हणाली. "जुन्या मोहाले चुलीचा धूर लागून राहते. लाडू खाल्ला का माणूस खोकलते."

पुनमला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून राग आला. "जा तुम्ही आता. मला विचार करू द्या. मी काही कबूल करत नाही."

"करू नोका. दगड झाला, पंडुम झाला, का मी निरोप धाडीन. मंग येयाचं का नाई ते तुमी ठरवा."

परतीच्या बसमध्ये तिच्या पदरात काहीच नव्हतं. तरी खिडकीला डोकं टेकवून ती गाढ झोपली, आलापल्ली येईपर्यंत.

ठरलेला सोमवार आला नि गेला. गाडी आली नाही. धनराजसेठ मोटरसायकलवरून एक चक्कर मारून गेला आणि चिंचेखाली बसलेल्या म्हाताऱ्यांना म्हणाला, "काय मंग, चंद्रपूरची गाडी पंचर झाली वाटते?" सोमारी घरोघरी जाऊन वाळवणाला ठेवलेला मोह उलटवत होती. पुनम काय म्हणाली, असं कुणी विचारलं की ती जसंच्या तसं सांगायची. "काई कबूल नाई केलं." चंदनने एकदा सुचवलं, "थोडं आशेचं सांगत जा ना, वयनी." ती म्हणाली, "आशा असती त सांगतली असती."

मग नदीपलीकडचे सोयरे आले. पेरमेट्ट्याला दगड उभा राहिला, पोचूभाऊने पागोटं बांधलं, आढ्याचा ढोल उतरवला. पंडुमाचा आवाज डोंगरावरून घरंगळत खाली आला, आणि तो ऐकून एकेका गावाने आपापला पंडुम केला. सोमारी टेकडीवर चढली, तिथं फोनला रेंज मिळते, आणि पुनमला निरोप पाठवला: पंडुम झाला, शुक्रवारी माल मोठ्या रस्त्याच्या नाक्यावर येईल. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी सकाळी नाक्यावर एक गाडी उभी होती. ती धनराजसेठची. त्याने सावलीत खुर्ची टाकली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की आज भाव नेहमीपेक्षा वर आहे, रोख आहे, आणि फक्त आज आहे. समोर संघाच्या शेडमध्ये सोमारी, चंदन आणि एक रिकामा तराजू. बराच वेळ कुणीच आलं नाही. चंदन तराजूच्या साखळीशी चाळा करत बसला. सोमारीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिने डोळे मिटले. पेनाकडे मागितलं काहीच नाही, नुसती बसली.

"वयनी," चंदन हळूच म्हणाला. "पाहा त."

डोंगराच्या पायवाटेने माणसं उतरत होती. खांद्यावर कावड, डोक्यावर टोपल्या. पुढे पोचूभाऊ. अख्खं पेरमेट्टा, सगळ्यात दूरचं गाव, सगळ्यांच्या आधी. रस्त्यावर आल्यावर त्यांना धनराजच्या गाडीसमोरूनच जावं लागणार होतं.

सेठ खुर्चीतून उठला. "पोचूभाऊ, एवढ्या उन्हात ओझं घेऊन पुढं काऊन जाता? इथीच उतरवा ना! जास्तच देतो म्हटलं!"

पोचूभाऊ थांबला नाही. "सेठ, गाडी जरा सावलीत सरकवा. चाक तापून फुटन."

हशा सगळ्या रांगेतून मागे मागे गेला, आणि रांग चालतच राहिली. एकही टोपली मधे खाली टेकली नाही. सुकरीने आपली टोपली शेडमध्ये सोमारीच्या पायाशी ठेवली आणि तिच्याकडे बघून म्हणाली, "तुनं आमचा दगड लवकर उभा कराले नाई लावला." बस, एवढंच. मग ती दुसऱ्या बायांना टोपल्या उतरवू लागायला गेली.

पेरमेट्टा आलेलं बघून दुसरी गावं निघाली. चिंतगुडा आलं, वरचे टोले, म्हणजे डोंगरावरच्या वाड्या, आले. शेडमध्ये जागा पुरेना, तेव्हा बाहेर ताडपत्र्या अंथरल्या. सोनेरी, स्वच्छ, जाळीवर झेललेल्या मोहाचे ढीग उभे राहिले आणि नाक्याला गोड वास सुटला. पण चंद्रपूरची गाडी नव्हती. ऊन कलायला लागलं.

"माल त लई आला, बाई," धनराजसेठ रस्त्यापलीकडून म्हणाला. "पण घेणारी कुठी हाये?"

"येऊन राह्यली," चंदा ओरडली. "तुमच्यासारखी सकाळपासून खुर्ची टाकून नाई बसत ते! कामं असतेत तिले!"

सोमारीने चंदाकडे बघितलं. सभेत तिला सगळ्यांत जास्त बोलली होती ती हीच.

"असं काऊन पाहते?" चंदा म्हणाली. "मी तुले बोलन. त्यानं काऊन बोलावं?"

आणि तेव्हाच सागवानातून हॉर्न वाजला. ट्रक वळणावरून बाहेर आला, आणि केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी धुळीने माखलेली पुनम बसली होती. गाडी थांबायच्या आत तिने उडी मारली.

"आष्टीच्या पुढे टायर बसला," ती म्हणाली. मग थांबून हसली. "खरंच बसला हो. आधी मी असंच सांगायची सगळ्यांना, कधी पण उशीर झाला की. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी प्रदर्शनवाल्यांना फोन केला आणि पहिल्यांदा खरं सांगितलं. पंडुम नाही झाला, मोह नाही आला. ते म्हणाले, बरं, दुसऱ्या फेरीत लावा तुमचं दुकान. एवढंच! मी इतकी वर्षं काय घाबरत होते कोण जाणे. तुमच्या निरोपाला उत्तर नाही दिलं, म्हटलं आता गाडीच घेऊन जाऊ."

तिने ढिगातली मूठभर फुलं उचलली, वास घेतला, आणि सोमारीचा हात दोन्ही हातांत धरला.

मग जे झालं त्याला काम म्हणावं की सण, ते सांगता येणार नाही. पोती भरली, शिवली, खांद्याखांद्यावरून ट्रकमध्ये चढली. कुणाचं पोतं कुठल्या गावाचं हे बघायला कुणाला वेळ नव्हता. चंदन वजन पुकारत होता आणि प्रत्येक वजनाला चारी बाजूंनी "हो!" येत होतं. पोचूभाऊने ढोल आणलाच होता. शेवटचं पोतं चढलं तेव्हा बायांनी एकमेकींच्या कमरेत हात घातले आणि रेला नाचाचा फेर धरला. नाक्यावरची बस त्यांच्यासाठी थांबली, आणि ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता इंजिन बंद केलं. धनराजसेठची गाडी रिकामीच वळली. वळताना तिने धुळीचा लोट उठवला.

"चला," चंदा म्हणाली, "सेठनं धूळ त नेली!"

हसून हसून सोमारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचंच होतं, असं तिने चंदनला सांगितलं.

ट्रक निघायच्या बेतात असताना पोचूभाऊ पुनमजवळ आला. "पोरी, तुह्या कारखान्यात या मोहाचा पहिला लाडू होईन, तो विकू नोको, खाऊ नोको. आमच्या पेनापुढं आणून ठेव. आमी आमचं पहिलं फूल ठेवलं. तू तुहं पहिलं ठेव."

"आणीन," पुनम म्हणाली.

"दोन डोंगर हायेत," सुकरी म्हणाली. "गाडी जात नाई." आणि आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. शहरातली माणसं निघताना बरंच काही आणीन म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं.

संघाची वार्षिक सभा आलापल्लीला भरली तेव्हा उन्हाळा चांगलाच तापला होता. आतापर्यंत बाहेर राहिलेली डोंगरापलीकडची गावंही आली होती, आम्हाला पण घ्या म्हणत. अध्यक्ष कोण, हा विषय निघाला तेव्हा चंदाने उभं राहून विचारलं, "याच्यात इचाराचं काय हाये?" आणि इतके हात वर गेले की मोजणारा मोजायचं सोडून टाळ्या वाजवायला लागला. पोचूभाऊने आपलं पागोटं काढून सोमारीच्या डोक्यावर ठेवलं. ते तिच्या कानांपर्यंत आलं. सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

"बोला, बाई!"

"मोठ्यानं!"

ती बोलणार, तेवढ्यात तिची नजर खिडकीबाहेर गेली. समोर बसस्टँडवर चंद्रपूरची बस लागली होती. सगळ्यांच्या शेवटी पुनम उतरली, एकटीच. पायांत नवे बूट, हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा. आज इथं सभा आहे हे तिच्या गावीही नव्हतं. तिने पानठेल्यावर काहीतरी विचारलं. पानवाल्याने पेरमेट्ट्याच्या डोंगरांच्या बाजूला हात केला.

चंदनलाही ती दिसली. "हाक मारू का, वयनी?"

"नोको," सोमारी म्हणाली.

रस्ता संपेपर्यंत जाणारी जीप उभी होती. पुनम आत चढली, डबा मांडीवर घेतला, त्यावर दोन्ही हात ठेवले. माणसं भरली, आणि जीप सुटली.